लेख उघडण्याआधीच्या दोन तासिका

नववीच्या वर्गापुढे पहिल्यांदा ललित लेख घेऊन उभी राहिले तेव्हा मी फळ्यावर बत्तीस शब्द लिहिले होते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. मुलांनी ते सुबक अक्षरात उतरवून घेतले. मग मी लेख वाचला आणि वाचून झाल्यावर विचारलं, "काय झालं या लेखात?" वर्ग गप्प. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, लेखिका वारीला गेली." त्यापुढे कुणालाच काही सांगता येईना. बत्तीस अर्थ वहीत होते आणि लेख दाराबाहेर उभा होता.

तो लेख म्हणजे इरावती कर्वे यांचा 'वाटचाल'. नंतर तो मी बऱ्याच वर्गांपुढे वाचला आणि दर वेळी वाचनाआधीची तयारी थोडी थोडी बदलत गेले. नुकतेच मराठी शिकवायला लागलेले शिक्षक, घरी मुलांना वाचायला बसवणारे पालक आणि परदेशातल्या मराठी शाळांत सुट्टीच्या दिवशी वर्ग घेणारे, यांच्यासाठी ती तयारी इथे क्रमाने मांडते आहे. उदाहरण या एकाच लेखाचं घेते. पाच लेखांना हात लावून एकही नीट न दाखवण्यापेक्षा ते बरं. जो लेख स्वतःच्या अनुभवातला प्रसंग सांगत पुढे सरकतो, अशा कुठल्याही लेखासाठी हीच वाट चालेल.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. मुलांना अवघड शब्द फारसे अडवत नाहीत. अडवतात ते ओळखीचे शब्द. 'मानवशास्त्र' दिसलं की मूल हात वर करतं, कारण आपल्याला हे येत नाही हे त्याला कळतं. 'आपण', 'जेवण', 'ताई', 'महाराष्ट्र' हे शब्द दिसले की ते न थांबता पुढे जातं. आणि लेखाचा सगळा भार नेमका त्याच शब्दांवर असतो.

आधी तुम्ही वाचा, दोनदा

पहिल्यांदा हातात पेन्सिल न घेता वाचा. लेख तुम्हाला कुठे लागला, कुठे घशाशी आला, तेवढंच लक्षात ठेवा. शिकवण्याचा विचार त्या वाचनात आणू नका.

दुसऱ्या वाचनात दोनच खुणा करा. जिथे शब्द मुलांच्या हातून निसटेल असं वाटतं तिथे बारीक गोल, आणि जिथे लिहिणाऱ्याचं मन वळतं तिथे समासात उभी रेघ. मी त्या रेघेला लेखाचा सांधा म्हणते. सांधा सापडला नसेल तर वर्गात जाऊ नका. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

'वाटचाल'चा सांधा असा. लेखिका ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर एका दिंडीतून पंढरपूरला चालत जाते. दिंडीत ब्राह्मण आहेत, मराठे आहेत. दिवसभर सगळे एकत्र चालतात, एकत्र अभंग म्हणतात आणि जेवायला मात्र वेगवेगळे बसतात. हे तिला सलत राहतं. दोन्ही गटांना एकत्र आणणं तिच्याच्यानं होत नाही, म्हणून ती स्वतः कधी इकडे, कधी तिकडे जेवते. मराठा बायका हळूहळू तिच्या जवळ येतात, तिचा हात धरून चालतात, घरचं सुखदुःख सांगतात, तिला ताई म्हणू लागतात. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असंही म्हणतात. आणि तेवढ्यात एक तरुण मुलगी विचारते, आत्ता जशा वागता आहात तशाच तेव्हाही वागाल ना? माझ्या पुस्तकात उभी रेघ या प्रश्नाशेजारी आहे. लेखातला हात इथे वाचणाऱ्याच्या खांद्यावर पडतो.

मुलांना या प्रश्नाविषयी आधी काहीही सांगायचं नाही. पण आपली सगळी तयारी या प्रश्नापर्यंत पोचण्यासाठी करायची. शब्द कुठले घ्यायचे, संकल्पना कुठल्या घ्यायच्या, हे या एका रेघेवरून ठरतं. ती नसली की आपण पानावर दिसेल तो शब्द शिकवत बसतो. मी तेच केलं होतं.

लेखिकेची ओळख किती द्यायची? इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला, आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे सासरे. 'युगान्त' हे त्यांचं पुस्तक घरोघरी माहीत आहे. पुण्याच्या रस्त्यांवरून त्या स्कूटर चालवत, हे सांगितलं की मुलींचे डोळे चमकतात, म्हणून तेही सांगते. पण वाचण्यासाठी खरोखर लागणारी माहिती एकच आहे. त्या मानवशास्त्रज्ञ होत्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होत्या आणि जाती, कुळं, नातेसंबंध यांचा अभ्यास हेच त्यांचं काम होतं. म्हणजे माणसं कशी राहतात हे बाहेरून बघण्याची जिला सवय आहे, ती बाई इथे त्या माणसांमध्येच चालते आहे. एवढं मुलांच्या हाती दिलं की बाकी चरित्र परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचलं तरी भागतं.

शब्दांचे तीन ढीग

गोल केलेले शब्द एका कागदावर घ्या आणि तीन ढिगांत वाटा.

पहिल्या ढिगात वस्तूंचे आणि रिवाजांचे शब्द. दिंडी, पालखी, टाळ, वीणा, पताका, बुक्का, तुळशीची माळ, मुक्काम, विसावा, चोपदार, रिंगण. यातले सगळेच लेखात येतात असं नाही, पण वारीचं चित्र त्यांच्याशिवाय उभं राहत नाही. हे शब्द शिकवू नका, वर्गाकडून काढून घ्या. "कुणाच्या घरचं कुणी वारीला जातं का?" एवढं विचारायचं. सातारा, सोलापूर, पुणे या भागात निम्मा वर्ग बोलायला लागतो. एका वर्षी एका मुलानं सांगितलं की त्याच्या आजोबांची दिंडी रथामागची आहे, आणि दिंड्यांना नंबर असतात, रथापुढच्या आणि रथामागच्या. दुसऱ्यानं सप्ताहातल्या वीणेविषयी सांगितलं, की ती खाली ठेवायची नसते, एक जण दमला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मी शब्दकोशातून हे कधीच दिलं नसतं. शक्य असेल तर टाळ वर्गात आणा. ज्या मुलांच्या घरी वारी नाही, ज्यांचा धर्म वेगळा आहे किंवा ज्यांचं कुटुंब दुसऱ्या राज्यातून आलं आहे, त्यांना टाळ आधी हातात द्या. त्यांनी तो एकदा वाजवला की शब्द त्यांचाही होतो. आणि त्यांना विचारा, तुमच्याकडे लोक पायी कुठे जातात? उत्तर मिळतंच.

दुसऱ्या ढिगात असे शब्द, ज्यांचा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यावरून लागतो. त्यांना हातच लावू नका. मुलं अर्थ ओळखायला शिकतात ती इथेच. हा ढीग सगळ्यांत मोठा असतो आणि तो सोडून देताना नव्या शिक्षकाचा जीव कासावीस होतो. सोडा. मुलांना म्हणा, वाचताना एखादा शब्द अडला तर वाक्य संपेपर्यंत थांबा, तरीही अडला तर शब्दाखाली टिंब द्या आणि पुढे चला.

तिसऱ्या ढिगात सांध्याचे शब्द. ते चार किंवा पाच असतात, आणि बहुधा मुलांना 'येत असलेले'. माझी पूर्ण एक तासिका या ढिगावर जाते. 'वाटचाल'साठी मी चार घेते: आम्ही आणि आपण ही जोडी, पंगत, महाराष्ट्र, ताई.

'आम्ही' आणि 'आपण'

या जोडीसाठी फळा, खडू आणि दहा मिनिटं पुरतात. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते.

आम्ही उद्या सहलीला चाललोय.
आपण उद्या सहलीला चाललोय.

मग विचारते, "दोन्हींत मी तुमच्याशीच बोलते आहे. मग फरक काय?" सुरुवातीला मुलं व्याकरणात उत्तर शोधतात. प्रथमपुरुष, अनेकवचन, सर्वनाम. त्यांना शोधू द्या. मग मी एका मुलाला उभं करते आणि अगदी साध्या सुरात म्हणते, "आम्ही उद्या सहलीला चाललोय." त्याचा चेहरा पडतो. सगळा वर्ग तो पडताना बघतो. मग तेच वाक्य 'आपण' घालून. तो हसतो. पुढचं मुलंच सांगतात: 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो.

हिंदीत 'हम' म्हटल्यावर ऐकणारा आत आहे की बाहेर, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत बोलणाऱ्याला ते तोंड उघडतानाच ठरवावं लागतं. ज्यांच्या घरी हिंदी बोलतात त्या मुलांना हा फरक इतरांच्या आधी टोचतो, कारण त्यांना तो शिकावा लागलेला असतो. त्यांना वर्गासमोर सांगू द्या.

यानंतर प्रत्येकानं वहीत दोन वाक्यं लिहायची. एक, जेव्हा कुणी आपल्याला 'आम्ही' म्हणून बाहेर ठेवलं. दुसरं, जेव्हा कुणी 'आपण' म्हणून आत घेतलं. मोठ्यानं वाचायला लावू नका. ज्याला वाचावंसं वाटेल तो वाचेल. 'ताई' शब्दही इथेच हळूच आणता येतो. अनोळखी बाईला आपण मावशी, काकू, ताई म्हणतो. कंडक्टरला दादा म्हणतो. हे नातं त्या हाकेपुरतं असतं की त्यानंतरही उरतं? प्रश्न विचारा आणि उत्तर न घेता सोडून द्या. दोन दिवसांनी लेखात तो परत येणार आहे.

'पंगत' या शब्दाशी सांभाळून

पंगत म्हणजे जेवायला बसलेल्यांची रांग, हे मुलांना माहीत असतं. कोण कुणाच्या शेजारी बसतं आणि कोण बसत नाही, यानेही पंगत बनते, हे त्यांच्याकडून यायला हवं. मी लग्नातल्या जेवणापासून सुरू करते. आधी कोण बसतं? नंतर कोण? बायका कधी जेवतात? वाढपी कधी? मुलांचं बोलणं आपोआप त्या दिशेनं सरकतं आणि मग कुणीतरी आजीच्या गावची गोष्ट सांगतं, वेगळ्या ठेवलेल्या कपाची किंवा वेगळ्या माठाची.

इथे एक नियम कसोशीनं पाळा. कुठल्याही मुलाला त्याची जात विचारायची नाही, त्याच्या आडनावावर बोलायचं नाही, आणि 'तुमच्याकडे कसं असतं?' हा प्रश्न एका मुलाकडे बघून कधीही टाकायचा नाही. जे आपणहून येईल ते आदरानं ऐकायचं. कुणी हसलं तर तिथेच थांबायचं आणि हसणं पूर्ण थांबेपर्यंत पुढे जायचं नाही. मूल काय बोललं यापेक्षा वर्गानं ते कसं ऐकलं यावर पुढचं वाचन ठरतं.

काळाची पार्श्वभूमी चार वाक्यांत द्या. वारकरी परंपरेत सगळ्या जातींचे संत झाले. चोखोबांची समाधी मात्र विठ्ठलाच्या देवळाबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. ज्यांना अस्पृश्य म्हटलं जाई त्यांना देवळात प्रवेश नव्हता, आणि तो मिळावा म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं. त्यानंतर ते दार उघडलं. एवढं पुरे. इथे भाषण सुरू करण्याचा मोह फार होतो, मलाही होतो, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे. पण भाषण झालं की लेखाला सांगायला काही उरत नाही.

'महाराष्ट्र' कुठे आहे?

या शब्दावर सगळा वर्ग फसतो आणि कित्येकदा शिक्षकही. इरावतीबाईंनी या लेखात महाराष्ट्राची एक व्याख्या केली आहे: ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. मुलं हे वाक्य वाचतात, आवडलं म्हणून खाली रेघ मारतात आणि पुढे जातात. त्यांच्या डोळ्यांसमोर भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा असतो, मुंबईपासून गोंदियापर्यंत.

पण हा लेख महाराष्ट्र राज्य होण्याआधीचा आहे. राज्य झालं १ मे १९६० ला. त्याआधी पुणे, सातारा मुंबई प्रांतात होते, वऱ्हाड आणि नागपूर मध्य प्रांतात, मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या भागाला जुनी माणसं मोगलाई म्हणत. म्हणजे 'महाराष्ट्र' हा शब्द नकाशावरच्या रेघेनं दाखवता येत नव्हता. तो दाखवायला वेगवेगळ्या बाजूंनी चालत येणारी, एकच भाषा बोलणारी आणि एकच अभंग म्हणणारी माणसं लागत होती. हे कळल्यावर ती व्याख्या मुलांच्या हाताला जड लागते. एका मुलानं मला विचारलं होतं, "बाई, म्हणजे राज्य नव्हतं तरी महाराष्ट्र होता?" त्या दिवशी तासिका तिथेच थांबवली तरी चाललं असतं.

फळ्यावर नकाशा काढा, पण सीमा काढू नका. फक्त वाट काढा: आळंदी, पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा ओलांडून लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी, पंढरपूर. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, चालायला तीन आठवड्यांच्या आसपास. मुलांना त्यांच्या शाळेची जागा दाखवायला सांगा, वाटेवर असो नाहीतर दूर. परदेशातल्या मुलांना मी अंतर त्यांच्या ओळखीच्या दोन गावांमध्ये बसवून बघायला सांगेन, म्हणजे पायाला किती दिवस लागतात ते कळेल. 'वाटचाल' या शीर्षकावर मात्र आत्ता काही बोलायचं नाही. वाचून झाल्यावर या फळ्याकडे बघून मुलंच बोलतील.

निबंध म्हटल्यावर मुलांना काय दिसतं

संकल्पनांकडे वळण्याआधी एक अडगळ दूर करावी लागते. शाळेत निबंध म्हणजे प्रस्तावना, तीन परिच्छेद, शेवटी एखादी म्हण किंवा कवितेची ओळ. 'पावसाळा', 'माझा आवडता नेता'. ललित लेखालाही निबंध म्हणतात हे ऐकलं की मुलं त्यात मुद्दे शोधायला लागतात. मग "या निबंधातून लेखिकेनं कोणता संदेश दिला आहे?" या प्रश्नाचं उत्तर आधी पाठ होतं आणि लेख मागाहून वाचला जातो.

मी त्यांना त्यांच्याच लेखनातून दाखवते. 'मी पाहिलेली जत्रा' असा विषय त्यांनी कधी ना कधी लिहिलेला असतो, दहावीच्या प्रसंगलेखनाची तयारीही चालू झालेली असते. सांगते, हा लेख तुमच्या 'मी पाहिलेली जत्रा'चा नातेवाईक आहे. त्यात मी असतो, काहीतरी घडतं, आणि घडलेलं बघून मला काहीतरी वाटतं. लेखिकेला जे वाटलं ते तिनं शेवटच्या परिच्छेदात साठवून ठेवलेलं नाही. ते वाटेत जागोजागी सांडलं आहे, एवढाच फरक.

तीन संकल्पना, त्याहून जास्त नाहीत

वाचनाआधी निवेदक, प्रसंग आणि चिंतन, आणि विसंगती, एवढंच द्या. प्रतीक, प्रतिमा, आत्मनिष्ठा, शैली हे सगळं नंतर. आधी अवजारं जास्त दिली की मुलं लेख खोलायच्या ऐवजी अवजारंच मोजत बसतात.

निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. आठवणीतून लिहिलेल्या लेखात 'मी' एकच दिसतो, पण असतात दोन. एक तेव्हाचा मी, ज्याच्या बाबतीत घडलं. दुसरा आत्ताचा मी, जो मागे वळून बघत लिहितो आहे. हे सांगून कळत नाही, करून कळतं. मी मुलांना चौथीतली एक आठवण चार वाक्यांत लिहायला लावते. मग माझी वाचून दाखवते:

"मी चौथीत असताना आईचा रुमाल हरवला. घरी गेले तर मार बसेल म्हणून मी देवळाच्या पायरीवर अंधार पडेपर्यंत बसून राहिले. आई मला शोधत आली तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या. रुमालाची गोष्ट तिला आठवतही नव्हती हे मला फार उशिरा कळलं."

कुठल्या वाक्यात चौथीतली मुलगी बोलते आहे आणि कुठल्या वाक्यात मोठी बाई? पहिल्या दोन वाक्यांविषयी वर्गाचं लगेच एकमत होतं. चौथं मोठ्या बाईचं, हेही कळतं. भांडण तिसऱ्यावर होतं. अनवाणी पाय तेव्हाच दिसले होते, पण त्यांचा अर्थ नंतर लागला, असं मुलं वाद घालता घालता सांगतात. हा वाद होऊ द्या, तुम्ही निकाल देऊ नका. 'वाटचाल'मध्ये तर 'मी' आणखी दुहेरी आहे: माणसांचा अभ्यास करणारी मी आणि हात धरून चालणारी मी. त्यासाठी डोळा आधी तयार झालेला असतो.

प्रसंग आणि चिंतन यांच्यासाठी खुणा द्या. जे घडलं, दिसलं, ऐकू आलं त्याच्या समासात सरळ रेघ. जे मनात आलं त्याच्या समासात नागमोडी रेघ. आधी माझ्या चार वाक्यांवर करून बघायचं, मग त्यांच्या स्वतःच्या आठवणीवर. मुलांच्या वह्यांत सगळीकडे सरळ रेघा दिसतात, क्वचित एखादी नागमोडी, तीही 'मला खूप आनंद झाला' या वाक्यापाशी. त्यावरून त्यांना टोकू नका. लेख वाचल्यावर ते स्वतःच वही परत उघडतात.

विसंगतीबद्दल थोडं सावध राहावं लागतं, कारण मुलांना व्याकरणातला विरोधाभास अलंकार माहीत असतो आणि ती दोन्ही एकच समजतात. विरोधाभासात विरोध नुसता वाटतो, विचार केल्यावर तो मिटतो. विसंगतीत विचार केल्यावर तो जास्त बोचतो. व्याख्या लिहून देण्यापेक्षा मी वर्गातलं उदाहरण मागते. 'पाणी वाचवा' असं लिहिलेल्या भिंतीखाली गळणारा नळ. बहुतेक शाळांत तो सापडतो. एकत्र गाणारी आणि वेगळी जेवणारी माणसं हे उदाहरण मात्र ओठांपर्यंत आलं तरी गिळा.

तपशील या शब्दावर वेगळी तासिका घालवायची गरज नाही. अनवाणी पाय हा तपशील, एवढं त्या वादातच सांगून होतं.

वाचनाचा दिवस

दोन तासिकांची तयारी झाली की तिसऱ्या दिवशी लेख उघडायचा. लेख लांब आहे, एका बैठकीत वाचून होत नाही. पहिलं वाचन तुम्ही करा, मोठ्यानं, न समजावता. मुलांच्या हातात प्रत आणि पेन्सिल असू द्या, टिंबं आणि रेघा ते मारतील. मध्ये फक्त दोन ठिकाणी थांबा. जेवणाच्या वेगळेपणाचा उल्लेख पहिल्यांदा येतो तिथे थांबून विचारा, "इथे समासात कुठली रेघ?" उत्तरं वेगवेगळी येतील, ती येऊ द्या आणि पुढे वाचा. दुसऱ्यांदा त्या तरुण मुलीच्या प्रश्नानंतर. तिथे काहीही विचारू नका. पुस्तक खाली ठेवा आणि थोडा वेळ उभे राहा. गप्प बसलेला वर्ग दर वेळी कंटाळलेला नसतो. माझ्या पहिल्या वर्षीचा गप्पपणा आणि हा गप्पपणा चेहऱ्यांवरून वेगळे ओळखता येतात.

टिंबं दिलेले शब्द दुसऱ्या दिवशी एकत्र करा. तुम्ही 'अवघड' म्हणून घाबरला होतात त्यातले निम्म्याहून जास्त शब्द त्या यादीत नसतात. जे असतील त्यांचे अर्थ मुलांनी एकमेकांना सांगायचे, आणि उरतील तेवढेच तुम्ही.

तपासायचं कसं, असं नवे शिक्षक हमखास विचारतात. शब्दांची चाचणी मी घेत नाही. एक परिच्छेद लिहायला देते: तुमच्या आयुष्यातला असा प्रसंग, ज्याच्या सुरुवातीला 'आम्ही' आहे आणि शेवटी 'आपण', किंवा उलट. शब्द, निवेदक, विसंगती, सगळं त्या दहा ओळींत दिसतं.

वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीनं मागच्या वर्षी तिथल्या पाण्याच्या नळाविषयी लिहिलं. रांगेत पुढे कोण, मागे कोण, आणि एकदा पाणी गेलं तेव्हा सगळ्यांनी मिळून विहिरीवरून कसं आणलं. शेवटच्या ओळीत तिनं आधी 'आपण' लिहिलं होतं. मग ते खोडून वर 'आम्ही' केलं होतं. मग 'आम्ही'खाली टिंब दिलं होतं, अडलेल्या शब्दाखाली देतात तसं. मी त्या ओळीला लाल पेन लावलं नाही. वही परत देताना तिला म्हटलं, "इथे थांबलीस ते चांगलं केलंस. पुढच्या आठवड्यात परत वाचून बघ, शब्द बदलावासा वाटतो का."